एम-१ कार्बाइन आणि बटवरचा पाऊच : सात-आठ महिने वापरल्यावर

एम-१ कार्बाइन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन आर्मीची आखूड, हलकी रायफल, घेऊन सात-आठ महिने झाले, ओहायोचा दमट उन्हाळा आणि थोडी थंडी दोन्ही बघून झालं, तर आता लिहायला हरकत नाही. न्यू जर्सीवाल्यांनी मात्र नुसतं वाचायचं, तुमच्याकडच्या कायद्यात ही बंदूक बंदीच्या यादीत चक्क नावानिशी आहे, ऐंशी वर्षांची म्हातारी असली तरी. आणि एच-१ वर्क व्हिसावर असाल तर आधी नियम नीट बघा, मी सिटिझन झाल्यावरच या भानगडीत पडलो.

माझ्यावालीचा रिसीव्हर (बाकीचे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य सांगाडा) इनलंडचा, म्हणजे जनरल मोटर्सच्या डेटनच्या कारखान्यातला, आणि बॅरलवर, म्हणजे नळीवर, शिक्का आयबीएम कॉर्प! आयटीत इतकी वर्षं घासल्यावर घरात आयबीएमचं काही आलं तर ते हे. दुसऱ्या महायुद्धात दहा कंपन्यांनी मिळून साठ लाखांच्या वर कार्बाइन काढल्या, त्यात टाइपरायटरवाली अंडरवूड होती, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला होती, गाड्यांचं स्टिअरिंग बनवणारी सॅगिनॉ पण होती. पार्ट एकमेकांना बसायचे, युद्ध चालू असतानाच इकडचे तिकडे दिले जायचे, आणि नंतर आर्मीच्या वर्कशॉपमधे खोलून परत जुळवताना जो हाताला लागेल तो लागला. त्यामुळे कोणी 'सगळे पार्ट एकाच कंपनीचे, ओरिजिनल' म्हणून जास्त पैसे मागायला लागला की मी तरी आधी संशयानेच बघतो, बहुतेक वेळा कोणीतरी हल्लीच पार्ट शोधून शोधून जुळवलेले असतात.

वापरायला कशी, तर हलकी. रिकामी अडीच किलोच्या आत, लांबी नव्वद सेंटिमीटर, धक्का इतका कमी की बायकोने पहिल्याच दिवशी हसत हसत पंधरा गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्या भरायची काढघाल करता येणारी डबी) संपवलं. शंभर यार्डावर माझ्या हातून चार-पाच इंचात गोळ्या जातात, ज्याला याहून बारीक नेम पाहिजे त्याने दुसरं काहीतरी घ्यावं. गोळ्या पिस्तुलाच्या नेहमीच्या नऊ एमएमपेक्षा महाग पडतात, हे महिन्याच्या हिशोबात जाणवतं. एक गोष्ट भारी, अमेरिकन आर्मीने या कॅलिबरच्या गोळ्या सुरुवातीपासून गंज न आणणाऱ्या प्रायमरच्याच (गोळीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) बनवल्या, कारण गॅस पिस्टन, म्हणजे गोळीच्या गॅसने ढकलला जाऊन बंदूक पुढच्या गोळीसाठी तयार करणारा दट्ट्या, सैनिकाने खोलून साफ करावा अशी रचनाच नाही. त्याचं नट दर वेळी उघडायच्या फंदात पडू नका, ते खास पान्याचं काम आहे.

मॅगझिनचं सांगतो, कारण सगळा त्रास तिथेच आहे. जुनी आर्मीची पंधरावाली मिळाली तर तीच घ्या, मी स्वस्तात नवीन घेतलेली दोन-तीन अशी निघाली की तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकणारच. तीसवालं वाकडं मॅगझिन लावायचं असेल तर नंतरच्या एम-२ चा (याच कार्बाइनचं ऑटोमॅटिक रूप) मॅगझिन कॅच, म्हणजे मॅगझिन धरून ठेवणारी खिटी, लागतो, त्याला जास्तीचा आधार आहे, जुन्या कॅचवर ते भरलेलं मॅगझिन ढिलं पडतं. सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ) पण बघून घ्या, सुरुवातीला दाबायचं बटण होतं आणि त्याला लागूनच मॅगझिन सोडायचं बटण, म्हणजे ऐन गडबडीत सेफ्टी काढायला जावं आणि मॅगझिन पायावर! म्हणून नंतर फिरवायची केली, माझ्यावर तीच आहे.

आता पाऊच. मॅगझिन ठेवायचा तो दोन खणांचा कॅनव्हासचा, टिचबटणांचा पाऊच बंदुकीच्या बटवर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर, चढवलेला असतो ना, फोटोंमधे दिसतो, मला पहिल्यापासून तेच पाहिजे होतं. मुळात तो कमरेच्या पट्ट्यासाठी होता, बटवर बरोब्बर बसतो हे सैनिकांनी शोधून काढलं. चढवायला आधी बंदुकीचा पट्टा सोडवायचा. (पट्टा मागच्या बाजूला अडकवलाय कशाने, तर तेलाच्या नळीने, बटमधल्या खाचेत तीच खिळीचं काम करते, फार डोकेबाज प्रकार आहे.) पण दोन भरलेली मॅगझिन म्हणजे अर्धा किलो मागे लटकलं, आणि ज्या हलकेपणासाठी ही घेतली तोच गेला, उभं राहून मारताना तोंड वर वर जायला लागतं. शिवाय जुलैत कॅनव्हास दमट राहतो, खालच्या लाकडावर डाग आलाय, जवसाचं तेल चोळून थोडा फिका झाला. ती तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका हां, आपोआप पेटते, मोकळी पसरून वाळवा.

उन्हाळ्यात मामा आले होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक किंवा गोळ्या हातात घेता येत नाहीत, शिकारीचं लायसन वगैरे असेल तर वेगळं. हे जरा चाचरतच सांगितलं तर मामा म्हणाले, "कोतात सही केल्याबिगर हत्यार काढणारा गडी न्हाय मी," (कोत म्हणजे पलटणीची हत्यारांची खोली) आणि रेंजवर मागे खुर्ची टाकून बसले. रिकामा पाऊच तेवढा दिला त्यांच्या हातात, त्याला काही कायदा नाही. शिवण उलटून बघितली, बटणं उघडून मिटून बघितली, आमच्या वेबिंगला (कॅनव्हासचे पट्टे-पाऊच) ब्लँको, म्हणजे रंगाची पेस्ट, लावायला लागायचा आणि पितळ घासून बोटं काळी व्हायची म्हणाले. मग तो बटवर लावतात म्हटल्यावर मान हलवली. "आरं, हत्यार हातातनं सुटलं तर गोळ्याबी त्याच्यासंगंच गेल्या की. मॅगझिन अंगावर पायजे."

मामांसाठी कार्बाइन म्हणजे नऊ एमएम, ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनची कानपूरला बनलेली आवृत्ती, सेक्शन कमांडर म्हणून त्यांच्याकडे असायची. मॅगझिन डावीकडून आडवं, बट खाली घडी होणारी, घोडा दाबला की मागे थांबलेला बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा लोखंडी ठोकळा) पुढे येऊन गोळी उडवणार, त्यामुळे नेम धरताना ती पुढची धडक हाताला कळते. माझ्यावालीत बोल्ट आधीच बंद असतो. तिकडे फायर झाल्यावर खोके, म्हणजे उडालेल्या गोळ्यांची रिकामी काडतुसं, मोजून जमा करायचे, एक कमी पडलं तर सगळ्या सेक्शनने गवतात शोधत बसायचं. इथे मी खोके बादलीत टाकतो ते बघून त्यांचा जीव वरखाली होत होता.

आमच्या क्लबमधे नव्वदी पार केलेले एक आजोबा येतात, कोरियाच्या युद्धात टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होते. पाऊचबद्दल त्यांचं मत बरोब्बर उलटं. ते म्हणतात खांद्यावर तारेचं रीळ, हातात पक्कड, कमरेला अजून काय लावणार, बंदूक ट्रकला टेकवून काम करायचं आणि गडबड झाली की एक झडप मारून उचलायची, गोळ्या तिच्यावरच पाहिजेत. थंडीत तेल गोठून बोल्ट अर्ध्यात थांबायचा म्हणून तेल पुसून कोरडीच ठेवायचे. चिनी सैनिकांच्या जाड कोटातून गोळी आत जायची नाही ही गोष्ट काढली तर हसले, म्हणाले माझा अंदाज, आमचा नेमच चुकत होता.

मला दोघांचंही पटतं. ही कार्बाइन काढलीच मुळी ड्रायव्हर, सिग्नलवाले, तोफखान्यातली माणसं यांच्यासाठी, पिस्तुलापेक्षा बरं काहीतरी म्हणून. ज्याचं मुख्य काम दुसरंच आहे त्याला बटवरचा पाऊच सोयीचा, आणि मामांसारखा ज्याचं कामच लढाई त्याला अंगावरचा. मी दोघांपैकी कोणीच नाही, शनिवारी येऊन कागदाला भोकं पाडणार.

बंदुकीत आपल्याला हवे तसे बदल करणाऱ्या कस्टमवाल्यांचं पण बघितलं. क्लबमधल्या एकाने वरचं लाकूड काढून रेल (वस्तू अडकवायची खाचांची पट्टी) बसवली, त्यावर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी भिंग), प्लॅस्टिकची घडीची बट, पुढे टॉर्च. मारून बघितली, नेम पटकन लागतो यात वाद नाही, माझ्या चाळिशीनंतरच्या डोळ्यांना तर जास्तच. पण वजन वाढत वाढत आधुनिक रायफलीइतकं झालंय, मग आधुनिक रायफलच घे ना बाबा, स्वस्त गोळ्या तरी मिळतील. मी फक्त मुख्य स्प्रिंग नवीन टाकली आणि जुनी लाकडी बट काढून ठेवून वापरायला दुसरी अक्रोडाची बसवून घेतली, तेवढं बास झालं.

पाऊच आता कमरेच्या पट्ट्यावर असतो. घेणार असाल तर आधी जुनी मॅगझिन शोधा, बंदूक नंतर.