गिनेसचे आठ अवतार : 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'ची ब्लू-रे

अ‍ॅलेक गिनेस आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे तो डेव्हिड लीनच्या १९८४च्या 'अ पॅसेज टु इंडिया'मधल्या प्रोफेसर गोडबोल्यांमुळे. त्यावरून या नटाविषयी मत बनवू नका. चेहऱ्याला रंग फासलेला तो गोडबोले कुठल्याच मराठी घरातला वाटत नाही. गिनेस पाहायचा तो १९४९च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये. उमरावपद मिळवण्यासाठी वाटेतल्या नातेवाइकांचे एकेक करून खून करणाऱ्या माणसाचा हा ब्रिटिश विनोदी चित्रपट.

त्या नातेवाइकांच्या दॅस्कॉइन घराण्यातली आठ माणसं त्याने एकट्याने केली आहेत: ड्यूक, बँकवाला, पाद्री, जनरल, अ‍ॅडमिरल, दोन तरुण आणि लेडी अगाथा. तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास होता. लंडनचं ओल्ड व्हिक नाट्यगृह आणि नट-दिग्दर्शक जॉन गिलगुडची नाटकमंडळी यांत घडलेला हा नट दाढीमिशांवर विसंबत नाही. म्हातारा पाद्री मुख्यतः आवाजातून उभा राहतो. धाप, अडखळणं, वाक्याच्या शेवटी विरून जाणारा सूर, सगळं नेमकं.

म्हणूनच जुनी पाल (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी टाळा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट तिच्यात २५ने पळतो, १०६ मिनिटांचा साधारण १०२ मिनिटांत संपतो. आवाज अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो आणि पाद्र्याचे ते विराम आखडतात. स्टुडिओकॅनालने २०१९मध्ये ४के (अतिसूक्ष्म तपशिलाच्या) पुनरुज्जीवनावरून काढलेल्या ब्लू-रेवर मूळ वेग मिळतो.

चर्चमधला प्रसंग थांबवून बघाच. एकाच चौकटीत सहा गिनेस! छायालेखक डग्लस स्लोकम यांनी कॅमेरा जागचा हलू न देता, भिंगापुढचा एकेक भाग उघडत, तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे घेऊन हे चित्रण केलं. कॅमेरा केसभर हलला असता तर सगळं वाया गेलं असतं.

मागवण्याआधी प्लेअर तपासा. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेले आहेत; ब्रिटनची ब्लू-रे सहसा 'बी' विभागाची असते, भारत 'सी'मध्ये येतो. त्यामुळे सर्व विभाग चालवणारा प्लेअर लागतो. चित्र जवळपास चौकोनी आहे, ते पडदाभर ताणू नका. टीव्हीची हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर जुन्या फिल्मचा पोत प्लॅस्टिकसारखा दिसतो. संवाद झरझर आणि आडवळणाचे आहेत, इंग्रजी सबटायटल्स लावलेली बरी.

अमेरिकेत सेन्सॉरच्या आग्रहावरून शेवटी एक छोटा तुकडा जोडला होता. त्यात गुन्हेगार सापडल्याचं स्पष्ट दाखवलंय. तो पुरवणी म्हणून जरूर बघा, पण आधी ब्रिटिश शेवट.