‘फिटिंग फ्री आहे मॅडम’ : लिक्विड कूलर घेताना मी कशी फसले

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी घेतलेल्या लिक्विड कूलरवर साडेसात हजार गेले होते, त्यातले सहा परत आले, म्हणून आता शांत डोक्याने लिहितेय. दुकानाचं नाव लिहिणार नाही, पैसे परत देताना दुकानदाराने तेवढी एकच अट घातली होती आणि मी मान हलवली होती. बाकीचं सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, धायरीला, घरूनच. आमचा टॉप फ्लोअर, डोक्यावर तापलेला स्लॅब, एप्रिलमध्ये दुपारी दोनला माझ्या खोलीत ३५-३६ डिग्री सहज असतं, आणि घरातला एकुलता एक एसी बेडरूममध्ये. पीसीमध्ये रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आहे, म्हणजे सगळं काम करणारी मुख्य चिप. हा डब्यात कूलरशिवायच येतो, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारा भाग वेगळा घ्यावा लागतो, कागदावर १०५ वॉटचा पण फुल लोडला १४२ वॉटपर्यंत ओढतो, आणि ९० डिग्रीला पोचला की स्वतःच स्पीड कमी करतो. जळत-बिळत नाही, फक्त हळू होतो, पण ऐन लग्नसराईत क्लायंट रोज "ताई, हायलाइट कधी?" विचारत असताना हळू होणं म्हणजे काय ते माझं मला माहिती. त्यावर एक छोटा, एका फॅनचा कूलर होता तो पुरत नव्हता.

घरून निघताना माझं पक्कं ठरलं होतं की दोन टॉवरवाला मोठा एअर कूलर घ्यायचा, डीपकूल एके६२० नाहीतर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन, दोन्हीत सहा हीटपाइप (उष्णता वर पात्यांकडे नेणाऱ्या नळ्या), दोन फॅन, विषय संपला. चार-साडेचार हजाराचं बजेट. नवऱ्याला गाडी चालवायला सोबत घेतलं, कारण कॅबिनेट, म्हणजे पीसीची अख्खी पेटी, स्कूटरवर नेणं मला जमत नाही.

दुकानात शिरल्यापासून तो माणूस नवऱ्याशीच बोलत होता. पीसी माझा, पैसे माझे, प्रश्न मी विचारतेय, आणि उत्तर "सर, कसं आहे ना" करून शेजारी. सर बँकेत आहेत, त्यांना रॅम आणि हार्डडिस्क यातला फरक अजून नीट माहीत नाही, आणि लिक्विड कूलर म्हणजे त्यांच्या डोळ्यापुढे आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आला, हे त्यांनी नंतर गाडीत कबूल केलं. तर हा सरांना म्हणाला, "एअर कूलर आता कोण घेतं? पुण्याचं ऊन बघताय ना, तो फॅन गरम हवाच फिरवणार. लिक्विड घ्या, पाणी कसं थंड राहतं."

इथे मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं हे खोटं आहे, पण दुकानात गर्दी, एसीची गार हवा, काचेमागे रंगीत लाइट फिरतायत, माणूस ढेपाळतो. खरं असं आहे की माठातलं पाणी गार होतं ते पाणी झिरपून बाष्प होतं म्हणून, वाळ्याचा कूलरही त्याच न्यायाने. प्रोसेसरच्या लिक्विड कूलरमध्ये पाणी नळीत बंद असतं, बाष्प व्हायला वावच नाही. ते पाणी प्रोसेसरवरच्या तांब्याच्या पट्टीतून उष्णता उचलतं, पंप ते रेडिएटरकडे, म्हणजे बारीक पात्यांच्या जाळीकडे, ढकलतो, आणि तिथे फॅन त्यावर मारतो कुठली हवा, तर त्याच खोलीतली ३६ डिग्रीची. एअर कूलरमध्ये हेच काम हीटपाइप करतात, पंपाशिवाय. खोलीच्या हवेपेक्षा गार दोघांपैकी कुणीच करू शकत नाही. म्हणजे ऊन हे कारण दोघांनाही सारखंच लागू.

तरी घेतला. २४० एमएमचा, दोन फॅनचा, चांगल्या कंपनीचा, डबा करकरीत, वर इंपोर्टरचं नाव, महिना-वर्ष, एमआरपी सगळं छापलेलं. डबा खराच होता हे लक्षात ठेवा.

मग ते वाक्य. "फिटिंग फ्री आहे मॅडम, तुम्ही बसा, चहा घ्या." पहिल्यांदाच माझ्याशी बोलला तो. कॅबिनेट आणि डबा दोन्ही पार्टिशनच्या मागे गेले, आणि पाऊण तासाने कॅबिनेट लाइट लागलेलं बाहेर आलं, सोबत रिकामा डबा. डबा माझ्यासमोर फुटला नाही, सगळा खेळ तिथेच झाला. नवीन कूलरच्या तांब्याच्या पट्टीवर बहुतेक वेळा कंपनीनेच पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पट्टीत नीट जावी म्हणून) लावलेली असते, एकसारखी, चौकोनी किंवा गोल छाप्यात, तिला कुणाचं बोट लागलेलं नसतं. ती एक गोष्ट बघितली असती तरी पुढचं टळलं असतं.

मग टेस्ट. तीन मिनिटं लोड दिला, ७६ डिग्री, "बघा सर, बर्फ!" दुकानात एसीवर २४ होतं आणि माझ्या खोलीत ३६ असतं, हे १२ डिग्री सरळ वर चढणार. शिवाय लिक्विडमध्ये आधी ते पाणी तापावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून पहिली काही मिनिटं कुठलाही धड-अर्धाधड लिक्विड कूलर छानच आकडा दाखवतो. त्याची टेस्ट अर्धा तास तरी चालली पाहिजे. एअर कूलर काही मिनिटांतच खरा आकडा सांगून मोकळा होतो.

बिल मागितलं तर म्हणाला पक्कं पाहिजे तर १८ टक्के वर लागतील, आणि पिवळ्या कागदावर ‘लिक्विड कूलर २४०, १ नग, ७५००’ एवढं लिहून दिलं, वर शिक्का नाही, सिरियल नंबर नाही. मी तेराशे पन्नास रुपये वाचवले म्हणून खूश. यूपीआय केलं तेव्हा स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणाचं तरी खासगी नाव आलं, तेही तेव्हा खटकलं नाही, काय सांगू.

पहिला आठवडा बरा गेला, एक्सपोर्टला, म्हणजे एडिट झालेला व्हिडिओ बाहेर काढताना, ८३-८४ डिग्री. फक्त सकाळी पीसी चालू केला की आतून गुळगुळ आवाज यायचा, बाटली उपडी केल्यासारखा. फोन केला तर "लिक्विड आहे, आवाज तर येणारच, सेट होऊ द्या." तिसऱ्या आठवड्यात गुळगुळ गेली आणि त्याजागी बारीक सूंऽऽ सुरू झालं, डासासारखं, आणि चाळीस मिनिटांचा एक्सपोर्ट सव्वा तासावर गेला. एका रात्री पीसी आपोआप बंद पडला. बाजूची काच काढून रेडिएटरला हात लावला तर अजिबात गरम नाही. प्रोसेसर ९० ला टेकलाय आणि रेडिएटर पोळपाटासारखा थंड, म्हणजे उष्णता तिथवर येतच नाही, म्हणजे पाणी फिरत नाही, म्हणजे पंप गेला.

दुकानदार म्हणाला वॉरंटी कंपनीची, आमचा काही संबंध नाही. मग तपकीर गल्लीत रिपेअरिंगवाले एक काका आहेत त्यांच्याकडे गेले (दुकानदार सगळेच तसे नसतात हेही लिहून ठेवते). त्यांनी कूलर काढला, रेडिएटर कानाशी धरून नारळ बघतात तसा हलवला. खळखळ. मला पण ऐकवलं. म्हणाले, "नवा काठोकाठ भरलेला असतो, एवढा वाजत नाही. नळ्यांतून पाणी कणाकणाने उडतंच, पण त्याला वर्षं लागतात. हा तीन आठवड्यांचा नाही ओ ताई." मग त्यांनीच डब्यावरचा सिरियल नंबर आणि रेडिएटरच्या कडेचा स्टिकर शेजारी शेजारी धरले. शेवटचे पाच आकडे वेगळे.

रेडिएटरवरचा नंबर कंपनीला ईमेल केला. दोन दिवसांत उत्तर, की या नंबरची वॉरंटी दोन वर्षांपूर्वी संपली आहे. कुणाच्या तरी पीसीतून उतरवलेला, झटकून-पुसून, पट्टीवर ताजी पेस्ट थापून मला नव्याच्या भावात दिला होता.

यावरून लिक्विड वाईट असं मी म्हणत नाहीये. इंटेलच्या आय९ १३९००के सारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल किंवा कॅबिनेट इतकं बारकं असेल की उंच कूलर मावणारच नाही, तर लिक्विडला पर्याय कमी. पण १२० एमएमचा सिंगल फॅनवाला लिक्विड घेण्यापेक्षा चांगला एअर कधीही बरा. आणि लोक पाणी गळेल म्हणून घाबरतात, त्यापेक्षा पंप मरण्याची भीती बाळगा. मुख्य गोष्ट मला उशिरा कळली ती अशी की एअर कूलरमध्ये फसवायला जागाच कमी आहे. लोखंडी तव्यासारखं आहे ते, पाच वर्षं वापरलेला असला तरी पाती आणि पाइप सरळ असतील तर काम करणार, फार तर फॅन बदलायचा, सगळं डोळ्यांना दिसतं. लिक्विडमध्ये जे बिघडतं, पंप, आतलं पाणी, तांब्याच्या बारीक खाचांत साचलेला गाळ, ते सगळं बंद आहे. बाहेरून पुसला की नवा.

शेवटी दुसरीकडून एके६२० घेतला, पक्कं बिल, त्यावर २७ ने (म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने) सुरू होणारा जीएसटी नंबर, डबा माझ्या हाताने फोडला. घ्यायच्या आधी कॅबिनेटची जागा टेपने मोजली, तो १६० एमएम उंच आहे, नॉक्टुआ कंपनीचा डी१५ कूलर तर १६५, आणि रॅम उंच असेल तर पुढचा फॅन अडतो तेही बघा. वजन दीड किलोच्या आसपास, ते मदरबोर्डला लटकलेलं, म्हणून घरी येताना कॅबिनेट मांडीवर आडवं घेतलं आणि सिंहगड रोडच्या प्रत्येक खड्ड्याला नवऱ्यावर ओरडले. एक्सपोर्टला आता दुपारीही ८२-८३. मे महिन्यात तर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड लावते, प्रोसेसर ८८ वॉटवर बांधून टाकते, एक्सपोर्ट थोडा लांबतो पण पाच पैसे लागत नाहीत. हे आधी केलं असतं तर कदाचित काहीच घ्यावं लागलं नसतं.

पैशांचं असं झालं. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही हेही तेव्हा कळलं. तक्रार क्रमांक, कंपनीचा ईमेल, दोन्ही स्टिकरचे फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि तो पिवळा कागद, सगळ्याची झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवली. तक्रारीला तो हसला, पिवळ्या कागदाच्या झेरॉक्सला मात्र हसला नाही. दोनदा आत-बाहेर केलं आणि सहा हजारांवर आला. "पण कूलर परत आणून द्या," म्हणाला.

मेलेला कूलर याला कशाला हवाय, ते मला जिन्यातच कळलं. घरी मुलीच्या कंपासपेटीतून करकटक घेतलं आणि रेडिएटरच्या काळ्या कडेवर दोन्ही बाजूंनी खोल कोरलं, ‘जुना, पंप बंद’. काळ्या रंगाखाली अॅल्युमिनियम असतं, अक्षरं मस्त चकाकतात.

दुसऱ्या दिवशी त्याने डबा उघडून बघितलं. या वेळी माझ्यासमोरच उघडला. "मॅडम, हे काय केलंत?" मी म्हटलं, फिटिंग फ्री आहे. तो नवऱ्याकडे बघायला लागला, पण नवऱ्याला मी आणलंच नव्हतं.