आयडल मिक्श्चर: कानाने सेट करायचं की टॅकोमीटर लावून?

आयडल मिक्श्चर म्हणजे गाडी नुसती चालू उभी असताना कार्बोरेटरमधून इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण, ते कार्बोरेटरवरच्या मिक्श्चर स्क्रूने सेट होतं. कानाने आणि टॅकोमीटरने (आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, दाखवणारा मीटर), दोन्ही करून बघितलंय. आधी एक गोष्ट, इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय स्क्रूला हातच लावू नका, थंड इंजिनवर केलेलं सेटिंग नंतर हमखास बिघडतं.

कानाने करायचं तर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत (जोरात आवळलात तर टोक खराब होतं), मग दीड-दोन फेरे बाहेर आणि गाडी चालू. आता पाव पाव फेरा फिरवत ऐकत राहायचं, प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबून, कारण इंजिन लगेच बदल दाखवत नाही आणि इथेच सगळ्यांची घाई होते. आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा लागला की तिथे सोडायचं, मग आयडल स्क्रूने (आयडलचा वेग ठरवणारा वेगळा स्क्रू) आरपीएम खाली. खर्च शून्य, पण ५० आरपीएमचा फरक कानाला कळत नाही हो, निदान माझ्या तरी नाही.

टॅकोमीटरवर तोच फरक डोळ्याला दिसतो. मात्र गाडीवरचा काटेवाला मीटर इतक्या बारीक कामाचा नाही, स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा डिजिटल घ्या.

आणि मिक्श्चर स्क्रू कुठला ते आधी बघा! एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर एअर स्क्रू, आत घेतला की रिच (पेट्रोल जास्त). इंजिनच्या बाजूला असेल तर फ्युएल स्क्रू, तिथे बरोबर उलटं.

मी आधी कानाने जवळपास आणतो, शेवटचा पाव फेरा मीटरवर. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच रेंगाळला तर अजून लीन (पेट्रोल कमी) आहे, थोडं रिच करा.