एसयूव्हीच्या छताखाली सामानाची जाळी: पावसाळा, कोकण आणि उन्हाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

आमची सात सीटर एसयूव्ही, जुनं मॉडेल. सात सीटरवाल्यांना वेगळं सांगायला नको, तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पिशव्या आणि पाण्याचा कॅन, संपला विषय. ठाण्यातल्या ठाण्यात काही वाटत नाही, पण गणपतीला चिपळूणला निघायचं म्हटलं की आई-बाबा, आम्ही दोघं, पोरं आणि मखरापासून मोदकपात्रापर्यंत सगळं, त्यात उशा, चादरी, जॅकेटं ही प्रत्येकाच्या मांडीवर. टपावर कॅरियर नको होतं, सोसायटीच्या पार्किंगची उंची कमी आहे. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आतून छताला जाळी लावली, आता मे चाललाय.

घेताना दोन प्रकार दिसतील. एक साधी एकपदरी जाळी, कडेला इलॅस्टिक, आणि दुसरी दुपदरी, मध्ये चेन. दुपदरीच घ्या. एकपदरीतून ब्रेक मारला की टोपी, मोजे, बिस्किटाचा पुडा सगळं पुढे येतं. भोकं जितकी बारीक तितकी बरी. किंमत फार नाही, माझी हजाराच्या आत आली.

पण जशी डब्यातून येते तशी लावून काम भागत नाही. सोबत लोखंडी हुक येतात ते मी पहिल्याच दिवशी काढून टाकले, डोक्यापाशी लोखंड कशाला? नौपाड्यात एक सीट कव्हर शिवणारे काका आहेत, त्यांच्याकडून बॅगेला असतो तसला नायलॉनचा पट्टा आणि प्लॅस्टिकची बकलं लावून घेतली. पुढची बाजू दुसऱ्या रांगेच्या हँडलना, मागची तिसऱ्या रांगेच्या. पट्टा हँडलच्या मधोमध अडकवला तर हँडल कायम खाली ओढलेलं राहतं आणि धरायला जागाच उरत नाही, आईला गाडीत चढताना ते हँडल लागतंच, म्हणून पट्टा अगदी मुळाशी गुंडाळलाय. तरी पहिल्यांदा बसल्यावर आई म्हणालीच, "अरे, हे डोक्यावर काय लोंबतंय?" आता तिची शाल आणि मानेची उशी तिथेच असते आणि दुसऱ्या कुणी त्या जागेवर काही ठेवलं तर तिला चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वजन. मी तीन किलोच्या वर जाऊ देत नाही, सामान तोलायचा हुकवाला काटा घरात आहे त्यावर एकदा सगळं टांगून बघितलं की अंदाज येतो. आणि ठेवायचं ते फक्त मऊ. चादरी, टॉवेल, स्वेटर, पोरांचे कपडे, डायपरचं पाकीट. पाण्याची बाटली नाही, छत्री नाही, पॉवर बँक नाही, टॅब तर अजिबात नाही. गाडी ५० च्या स्पीडला असताना कशाला तरी धडकून जागच्या जागी थांबली, तर सुटलेली एक किलोची बाटली समोरच्याला लागते ती जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून डोक्यात पडल्यासारखी. हे साधं गणित आहे, वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), दहावीच्या पोरालाही करता येईल. जाळी आणि चेन तो झटका धरणार नाही. सगळे बेल्ट लावून बसलेत आणि वरून बाटली आली तर बेल्टचा काय उपयोग.

कोकणात जाताना मजा आली हे मात्र खरं. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा पोरांना झोप आली, हात वर केला, उशी काढली, झोपली. एरवी गाडी कडेला घेऊन डिकी उघडा, वरच्या दोन बॅगा रस्त्यावर ठेवा असं व्हायचं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथली वळणं वाचतात पण भोस्ते आणि परशुराम घाटात सगळं सामान जाळीत एका बाजूला जाऊन गोळा व्हायचं, मग परत आल्यावर काकांकडून मध्ये दोन उभ्या शिवणी मारून घेतल्या, तीन कप्पे झाले, आता हलत नाही.

पावसाळ्यात ओले रेनकोट वर टाकायचा मोह होतो. नको. पाणी मागच्यांच्या डोक्यावर ठिबकतं आणि छताचं कापड आतून नुसतं चिकटवलेलं असतं, ओल धरली की कुबट वास येतो आणि कालांतराने ते सुटून लोंबायला लागतं.

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत बकलं बाजूच्या प्लॅस्टिकवर टकटक वाजायची, सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले, बंद. उन्हाळ्यात गाडी दिवसभर उन्हात उभी असते, कडेचं इलॅस्टिक दोन महिन्यांत ढिलं पडलं आणि जाळी चार बोटं खाली आली, तेव्हा ड्रायव्हर सीटवर बसून पाहिलं तर आतल्या आरशात मागची अर्धी काच दिसेना. इलॅस्टिक काढून तिथेही पट्टाच शिवला. लावल्यावर सामान भरून आरसा बघाच, रिकामी असताना सगळं छान दिसतं. छताला एसीचे व्हेंट असतील तर हवा अडतेय का तेही बघा. आणि मागे उंच माणूस बसणार असेल तर जाळी काढून ठेवा, आमच्याकडे मागे पोरं असतात म्हणून चालतं. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांना मीही काढतोच, घडी घालून सीटमागच्या खिशात बसते.

ऑफिसातला मित्र माझी जाळी बघून म्हणाला, माझ्याही गाडीत बसवून दे. त्याची नवीन आहे, सहा एअरबॅगवाली, मी स्पष्ट नाही म्हणालो. आमच्या गाडीत पुढे दोनच एअरबॅग आहेत, पण सहावाल्यांत बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग खिडक्यांच्या वर, छताच्या कडेलाच गुंडाळलेल्या असतात आणि पापणी लवायच्या आत तिथूनच खाली उघडतात. हँडलला बांधलेला पट्टा बरोब्बर त्यांच्या वाटेत येतो. अशा बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर कोट अडकवायच्या हुकलाही हँगर लावू नका असं लिहिलेलं असतं. खिडक्यांमधल्या खांबाच्या किंवा छताकडेच्या प्लॅस्टिकवर एअरबॅग असं कोरलेलं दिसलं तर हा नाद सोडा, त्यापेक्षा पुढच्या सीटच्या पाठीला लावायचे कापडी खिसे घ्या. आणि मागे हँडल नाहीत म्हणून कुणी दुकानदार छताच्या कडेला स्क्रू मारून हुक देतो म्हणाला तर मारू देऊ नका, आतून वायरिंग गेलेलं असतं.