अडकलेला प्रोपेलर शाफ्ट: तेल की आग?

हर्णैच्या पुळणीवर मासळी भरायला जाणारी पिकअप खाऱ्या पाण्यातून फिरते. मग प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची फिरकी मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब नळीचा, क्रॉस (टोकाच्या सांध्यातला फुलीच्या आकाराचा भाग) बदलायचा म्हटलं की मागच्या फ्लँजचे, म्हणजे जोडाच्या चकतीचे, चारही बोल्ट निघतात, पण शाफ्ट जागचा हलत नाही. शाफ्टची एक आणि डिफरन्शियलची (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीची) एक, अशा दोन्ही फ्लँजच्या मधल्या खाचेत गंज बसलेला असतो.

पहिला मार्ग तेलाचा. तारेच्या ब्रशने कड घासायची, सांध्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारायचा, रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी फ्लँजच्या कडेवर पितळी दांडा टेकवून हातोडीचे ठोके द्यायचे, दर ठोक्याला शाफ्ट थोडा फिरवत. शाफ्टच्या नळीवर मात्र ठोकायचं नाही. पोचा आला की बॅलन्स गेला, गाडी थरथरणार.

दुसरा मार्ग ब्लो लॅम्पचा. काम लवकर होतं, हे खरं. पण डिफरन्शियलचं रबरी ऑइल सील तिथेच, क्रॉसमधलं ग्रीसही वितळतं. वर आधी स्प्रे मारलेला असेल तर भडकाच. गाडीखाली आडवं पडून हे करायला मी तरी सांगणार नाही. तेलाने दोन दिवसांत दाद दिली नाही, तर खुशाल गॅरेज गाठा.

कुठलाही मार्ग घ्या, आधी दोन्ही फ्लँजवर खडूने नव्हे, छिन्नीने खूण करा, म्हणजे शाफ्ट परत तसाच जुळवता येईल. शाफ्ट निघाला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही घरंगळते, म्हणून चाकांना दगड हवेतच. आपल्याकडची अंगणं उताराचीच.