मीटर कोरड्या फळीवर टेकवला होता

खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपून खालच्या लाकडी जमिनीच्या पाच-सहा फळ्यांच्या कडा वर आल्या होत्या. अनवाणी चाललं की पायाला लागायच्या. मिस्त्री आला, खिशातून ओलावा मोजायचा मीटर काढला आणि दाराजवळच्या फळीत त्याच्या सुया रुतवल्या. "बघा, ९ टक्के. खडखडीत वाळलंय. घासायचं मशीन मारलं की आरसा होईल." आकडा दिसल्यावर मी गप्प बसलो. खिडकीखाली लावून दाखवा, एवढं म्हणायला काय जात होतं?

एका दिवसात घासून पॉलिश करून तो मोकळा. तीन कोट ठरले होते आणि पैसेही तिन्हींचे घेतले. जाताना दोन न फोडलेले डबे त्याच्या टेम्पोत चढताना मी पाहिले. वाटलं, दुसऱ्या कामाचे असतील!

सकाळचं तिरकं ऊन जमिनीवर आलं आणि ओरखडेच ओरखडे दिसले. कचऱ्याच्या पिशवीतले वापरलेले सँडपेपर उलटून पाहिले, तर मागे फक्त ४० आणि १०० नंबर. नंबर जितका लहान, तितका पेपर खरखरीत. ४० नंबरचे खोल चरे काढायला मध्ये ६० आणि ८० फिरवावे लागतात. थेट १०० मारला तर ते तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावर जास्तच उठून दिसतात.

ओळखीच्या सुताराला बोलावलं. त्याने मीटर खिडकीखाली लावला, १९ टक्के. दाराजवळ मात्र खरंच ९. तो म्हणाला, "आत्ता सपाट दिसतायत, वाळल्या की पोट काढतील." फळी खालून ओल धरते तेव्हा खालची बाजू फुगते आणि कडा वर उचलल्या जातात. त्या उचललेल्या कडाच माझ्या मिस्त्रीने घासून टाकल्या होत्या. फळी वाळून मूळ आकारात आली की पातळ झालेल्या कडा खाली बसतात आणि मधला भाग उंच राहतो. चार महिन्यांत तसंच झालं. आधी गळती बंद करायची, फळ्या वाळू द्यायच्या; बऱ्याचदा कडा बऱ्याच खाली बसतात आणि मशीन जेमतेम फिरवावं लागतं.

माझ्या फळ्या भरीव लाकडाच्या, म्हणून निभावलं. वर दोन-तीन मिलिमीटर लाकूड आणि खाली प्लाय असतं तर प्लायच उघडं पडलं असतं. दाराच्या उंबरठ्याची पट्टी काढली की फळीची कड दिसते, तिथे हे कळतं. मिस्त्रीने ती पट्टी काढलीच नव्हती.

फोन केला तर "लाकूड आहे, हलणारच." नंतर तो उचललाच नाही.

आता स्वतःचा मीटर घेतलाय. आकडे पेन्सिलीने खिडकीच्या चौकटीवर लिहून ठेवतो. दारापाशी ९, खिडकीखाली काल ११. दोन्हीकडे सारखे आले की सुतार मशीन आणणार आहे. डबे माझ्यासमोर फोडायचे, असं ठरलंय.