नववी-बच्या वर्गात झालेले चार तास

गेल्या पावसाळ्यात आमच्या सांगलीतल्या शाळेने नववी-बसाठी एका समुपदेशक ताईंना बोलावलं. दर शनिवारी एक, असे चार तास; विषय मनाचं आरोग्य. मी वर्गशिक्षिका, म्हणून चारही तास मागच्या बाकावर बसून ऐकले. इतर शाळांमधल्या मैत्रिणी 'बोलवावं का?' असं विचारताहेत, त्यांच्यासाठी लिहिते. बोलवा.

पहिल्या तासाला ताईंनी फळ्यावर 'टेन्शन' लिहिलं आणि खोडून टाकलं. आज हा शब्द नको, दुसरे सांगा. बराच वेळ कुणी बोलेना. मग एकेक येऊ लागले : धाकधूक, घुसमट, चिडचिड, हुरहूर, पोटात खड्डा. एक मुलगा म्हणाला, "मला काहीच वाटत नाही, असं होतं कधीकधी." ताईंनी त्याला 'सुन्न' हा शब्द दिला. त्याने तो वहीत लिहून घेतला. पंधरा वर्षं मराठी शिकवतेय, पण एखाद्या मुलाला शब्दाची इतकी गरज असलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या तासाला प्रश्नपेटी उघडली. एका चिठ्ठीत होतं : 'आयर्विन पुलाची पातळी सांगायला लागले की मला झोप येत नाही.' नाव नव्हतं. 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या या पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ही मुलं तिसरीत होती. ताईंनी विचारलं, आणखी कुणाला असं होतं? अकरा हात वर झाले. पावसात दांडी मारणाऱ्यांना मी कामचुकार समजून बोलत आले होते. त्यातले चार हात त्यांचेच होते. ही भित्री मुलं नाहीत, शरीराला तो पूर आठवतो, हे ताईंनी फार सोप्या भाषेत सांगितलं. मग घरी करायचं कामही दिलं : पाणी वाढलं तर कुठे जायचं, कागदपत्रं कुठे आहेत, हे आईबाबांसोबत बसून आत्ताच ठरवा.

तिसरा तास मैत्रीचा. मित्र 'जगावंसं वाटत नाही' म्हणाला, तर शपथ घातली असली तरी ते गुपित ठेवायचं नाही. त्याला एकटं न सोडता विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं स्पष्ट विचारल्याने त्याच्या डोक्यात नवं काही भरत नाही, हेही सांगितलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकाने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

चौथा तास मात्र फसला. चाळीस मिनिटांत स्लाइडवर आजारांची नावं धावली आणि सोमवारी मुलं एकमेकांना 'बायपोलर' म्हणून चिडवत होती. ते निस्तरायला मला दोन तास लागले. पालकांची बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली होती. सात आया आल्या, वडील एकही नाही.

ताईंना बोलावणार असाल तर चौथ्या तासाऐवजी रविवारी संध्याकाळी पालकांना बसवा. आणि जूनमध्येच घ्या, नदी वाढायच्या आधी.